फ्री डिश, छत्री आणि बॉक्स : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फ्री डिशवर दिसणारी एक खासगी वाहिनी एप्रिलपासून बंद झाली. बॉक्स बिघडला असेल का? (सातारा)

बॉक्सचा दोष नसावा. फ्री डिश, म्हणजे छत्रीवर (डिश अँटेनावर) मासिक शुल्काशिवाय वाहिन्या दाखवणारी, डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली सेवा, दूरदर्शनची पालक संस्था प्रसार भारती चालवते आणि खासगी वाहिन्यांना तिच्यावरील जागा ई-लिलावातून, बहुधा एप्रिल ते मार्च अशा वर्षभरासाठी मिळते. वाहिनीने पुढच्या वर्षाची बोली लावली नाही की ती जाते. प्रेक्षकाने पैसे भरलेले नसल्याने दाद मागायला जागा उरत नाही, हे मला फारसे रुचत नाही. तरीही एकदा ऑटो स्कॅन (बॉक्सकडून वाहिन्यांचा नव्याने शोध) करून पाहावे, कारण कधी कधी वाहिनीची केवळ जागा बदललेली असते.

प्रश्न : वादळात छत्री हलली. बॉक्सच्या सिग्नल-पट्ट्यांवर स्ट्रेंथ ८० दिसते, क्वालिटी मात्र शून्य. (पुणे)

स्ट्रेंथच्या आकड्यावर विसंबू नये. एलएनबीला (छत्रीसमोरच्या दांड्यावरील, सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वीज पोहोचून तिचा स्वतःचा गोंगाट बॉक्सपर्यंत येत असला, तरी ती पट्टी भरते. छत्री उपग्रहावर रोखली गेली आहे की नाही, हे क्वालिटी सांगते. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्याहून तो आग्नेयेला, खऱ्या उत्तरेपासून उजवीकडे सुमारे १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर येतो. मात्र घरगुती छत्र्या बहुतेक ऑफसेट घडणीच्या (एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असलेल्या) असल्याने तबकडीचा रोख दिसायला बराच खाली असतो, आणि छत्री डोळ्यांनी ५९ अंशांवर ताणणारा माणूस हमखास चुकतो. बोल्ट अर्धवट सैल करून छत्री बोटभर सरकवावी, दोन-तीन सेकंद थांबावे, मग पुन्हा सरकवावे. घाईत हलवल्यास बॉक्सला सिग्नल पकडायला वेळच मिळत नाही. जवळच ९५ अंशांवर सशुल्क सेवेचा उपग्रह आहे. तेव्हा क्वालिटी आली तरी डीडीच्या वाहिन्या लागल्याखेरीज बोल्ट आवळू नये.

प्रश्न : पावसात चित्र फुटते. छत्री बदलू का? (रत्नागिरी)

फ्री डिश ज्या केयू बँडच्या लहरींवर येते, त्या मुसळधार पावसात क्षीण होतातच. मोठ्या छत्रीने थोडा फरक पडतो, इतकेच. पाऊस थांबल्यावरही चित्र येत नसेल, तर आधी बॉक्सचा प्लग काढावा, कारण केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जात असतात, आणि मग छत्रीकडची पिन उघडावी. मधली तांब्याची तार हिरवट किंवा काळी पडली असेल, तर पाणी शिरले आहे. केबलचा तेवढा तुकडा कापून नवी पिन बसवावी व वर रबरी टेप गुंडाळावी.

प्रश्न : शेजाऱ्याच्या बॉक्सवर वाहिन्या जास्त का? (अकोला)

तुमचा बॉक्स जुना, केवळ एमपेग-२ (चित्र दाबून पाठवण्याची जुनी पद्धत) वाचणारा असावा. एमपेग-४ या नव्या पद्धतीतील वाहिन्या त्याला उलगडत नाहीत. नवा टीव्ही घेणार असाल, तर त्यातच उपग्रह ट्यूनर आहे का ते विचारावे. अशा टीव्हींसाठी भारतीय मानक २०२२ मध्ये आले आहे. ट्यूनर असेल, तर छत्रीची केबल थेट टीव्हीला जोडता येते आणि एक रिमोट कमी होतो.