होम लाँच ठेवताय? हळदी-कुंकवाच्या नावानं बोलावू नका

ताई, तुमचं लिहिलेलं वाचलं आणि दुपारभर दुसरं काम सुचलं नाही. तुम्ही अनगोळच्या, मी वडगावची, दोघी बेळगावच्याच. तुम्ही डायरेक्ट सेलिंगच्या कंपनीत, म्हणजे ओळखीपाळखीत माल विकायच्या धंद्यात, शिरलाय. तुमच्या अपलाइननं, म्हणजे तुम्हाला जोडून घेणाऱ्या वरच्या माणसानं, सांगितलंय की होम लाँचला, म्हणजे धंद्याच्या घरातल्या पहिल्या कार्यक्रमाला, ३० माणसं बोलवा, फोनवर कंपनीचं नाव काढू नका, नुसतं "चहाला या" म्हणा. नाहीतर श्रावणातल्या शुक्रवारचं हळदी-कुंकू धरून ठेवा, म्हणजे बायका नाही म्हणणार नाहीत. आणि तुम्ही विचारताय, नाश्त्याला काय ठेवू, प्रोजेक्टर भाड्यानं आणू का, जाऊबाईंना बोलवू की नको.

नाश्त्याचं आणि प्रोजेक्टरचं नंतर बघू. प्लॅन कसा दाखवायचा, यादी कशी करायची हे तुमच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलंच असेल, त्यात मी पडत नाही. मला फक्त त्या हळदी-कुंकवाबद्दल बोलायचंय, कारण मी तेच केलं होतं.

२०२३ ची संक्रांत. असल्याच एका कंपनीत मला जॉइन होऊन अडीच महिने झाले होते. वरचे सर म्हणाले, "क्युरिऑसिटी ठेवा. फोनवर सगळं सांगितलं तर कोण येणार?" रथसप्तमीपर्यंत आमच्या गल्लीत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी हळदी-कुंकू असतंच. मी २२ जणींना आमंत्रण दिलं. दारोदार जाऊन, कुंकू लावून, दरवर्षी देते तसंच. कंपनीचा क सुद्धा काढला नाही. १९ जणी आल्या. पलीकडच्या गल्लीतल्या एक आजी ठेवणीतली शहापुरी साडी नेसून, काठी टेकत आल्या.

अत्तर झालं, गुलाबपाणी झालं, तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलची वाटी दिली. मधल्या खोलीतला सासऱ्यांचा फोटो सकाळीच उतरवून त्याच खिळ्याला मी पांढरी चादर अडकवली होती. सगळ्या बसल्यावर सर आतल्या खोलीतून लॅपटॉप घेऊन बाहेर आले. पुरुषमाणूस बघून बायकांनी पदर सावरले. कुणी काही बोललं नाही. सर पाऊण तास हिंदीत बोलले. परदेशाची ट्रिप, चारचाकी, कंपनीतल्या गोल्ड, डायमंड असल्या पदव्या. आमच्यात चार कन्नड घरच्या बायका होत्या, त्यातली एक शेजारणीला हळूच विचारत होती, "एन हेळाकत्तार?" तिला काय सांगतायत तेच कळत नव्हतं, आणि मराठी बायकांनाही फार कळत होतं असं नाही.

पण कुणी उठली नाही. हे लक्षात घ्या ताई. बाईला हळदी-कुंकू लावून, हातात वाण देऊन बसवलं की ती मध्येच उठून जात नाही. तिच्या सासूनं, आईनं तिला तेच शिकवलेलं असतं. नेमका याच गोष्टीचा फायदा घ्यायला मला सांगितलं होतं आणि मी तो घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालायला गेले, तर तुळशीकट्ट्यावर एक वाटी ठेवलेली. मी दिलेलीच. आत तिळगूळ तसाच, मुंग्या लागलेला. कुणी ठेवली ते मला आजवर कळलेलं नाही, आणि विचारायचं धाडसही झालं नाही. त्या वर्षी राहिलेल्या चार घरच्या हळदी-कुंकवांपैकी दोघींनी मला बोलावलं नाही. २१ वर्षं मी त्या गल्लीत राहतेय, असं कधी झालं नव्हतं.

माल मात्र पाच जणींनी घेतला. सरांनी पाठ थोपटली. त्या पाचांतल्या एक म्हणजे आमच्या समोरच्या वैनी. त्यांचे मालक मागावर कामाला आहेत, माग बंद तर पगार बंद. वैनींनी ६,२०० रुपयांचं किट घेतलं. तीन आठवड्यांनी कळलं की ते पैसे त्यांनी संघातून, म्हणजे बायकांच्या कर्जाच्या गटातून, उचलले होते, मुलाच्या फीसाठी म्हणून. मी विचारलं, "वैनी, मला सांगायचं तरी होतं." तर म्हणाल्या, "तुझ्या घरात कुंकू लावून घेतलं, रिकाम्या हातानं कशी उठू?"

आता त्या किटचं पुढं काय झालं ते ऐका. वैनींना माल परत करायचा होता. दोन डबे फोडलेले, बाकी सगळं सीलबंद. मी खोकं घेऊन त्यांच्याबरोबर कंपनीच्या इथल्या ऑफिसात गेले. पहिल्या फेरीला म्हणाले, अपलाइनची सही आणा. आणली. दुसऱ्या फेरीला म्हणाले, फोडलेला माल आहे, सगळंच घेता येत नाही. मी म्हटलं, मग सीलबंद तेवढं घ्या. तर म्हणे ते सिस्टिममध्ये पूर्ण किट म्हणूनच चढलंय. तिसऱ्या फेरीला टेबलावर बसलेल्या मुलानं मान वर न करता सांगितलं, "मुदत संपली मॅडम, बेंगळूरला मेल करा." मुदत संपली कारण त्यांनीच तीन फेऱ्यांत महिना घालवला! वैनी बाहेर पायरीवर खोकं मांडीवर घेऊन बसल्या. त्या खोक्यावर छापलेला हसऱ्या कुटुंबाचा फोटो मला अजून डोळ्यासमोर दिसतो. रिक्षात त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

६,२०० रुपये मी माझ्या पदरचे दिले. हप्ता थांबत नाही. संघाची बाई आठवड्याला दारात येते, सगळ्या गल्लीसमोर. पुढं २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कायदा आला, पण तोवर दारासमोर काय काय चालायचं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

मग मी ते करायला लागले जे जॉइन व्हायच्या आधी करायला हवं होतं, म्हणजे नियम वाचले. मी वकील नाही, इथं लिहितेय ते एका गल्लीतल्या बाईचं वाचन आहे. पण डायरेक्ट सेलिंगचे २०२१ चे केंद्राचे नियम, ग्राहक संरक्षण कायद्याखालचे, मी आता दोनदा वाचलेत. त्यात सरळ लिहिलंय की विकणाऱ्यानं बोलणं सुरू होतानाच आपण कोण, कंपनी कोणती, माल कसला आणि आपण कशासाठी आलोय हे खरं खरं सांगायचं. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. म्हणजे "फोनवर काही बोलू नका" हे तुम्हाला जे शिकवतायत, ते नियमांच्या उलट आहे. तुमच्या अपलाइनला हे दाखवा. चिडले तरी दाखवा.

त्याच नियमांत तक्रारीचंही आहे. कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच कामकाजाच्या ४८ तासांत द्यायची आणि साधारण महिन्याच्या आत निकाल लावायचा. हे कळल्यावर मी त्या अधिकाऱ्याला लेखी तक्रार केली, बिलाचे फोटो जोडले, आणि १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. तिथं मराठीतही बोलता येतं. मग सीलबंद मालाचे पैसे आले. चार महिन्यांनी. इथल्या ऑफिसातून कुणी साधा फोन केला नाही. फोडलेल्या दोन डब्यांचं नुकसान माझं, आणि ते मला मान्य आहे. मला राग येतो तो त्या तीन फेऱ्यांचा. वैनींना तीन वेळा दुपारचं काम सोडून यावं लागलं.

म्हणून तुम्हाला सांगते, लाँच करा, नको म्हणत नाही. माझी एक मावसबहीण निपाणीला प्रामाणिकपणे हाच धंदा करते, तिचं बरं चाललंय. पण फोन असा करा, "अक्का, रविवारी चार वाजता ये. मी अमक्या कंपनीचा माल विकायला सुरू केलंय, तेल, साबण, पावडर असलं. तासभर दाखवणार आहे. बघायचं असलं तर ये, घ्यायलाच पाहिजे असं काही नाही." बस. तीस जणांना केलात तर दहा येतील. येऊ देत दहाच. त्या दहांपैकी कुणी नंतर तुमच्या दारावरून मान खाली घालून जाणार नाही.

हळदी-कुंकू असेल तेव्हा हळदी-कुंकूच असू द्या. त्या दिवशी घरात किटचा एक डबासुद्धा दिसू देऊ नका.

आणखी काही गोष्टी, सुचतील तशा लिहिते.

तब्येतीचं जपून बोला, तुम्हीही आणि बाहेरून येणारे सरही. माझ्या कार्यक्रमात सरांनी ती पावडर शुगरवर चालते म्हणून सांगितलं आणि त्या आजींनी लगेच विचारलं, "मग गोळी बंद करू?" माझ्या पोटात गोळा आला. मधुमेह बरा होतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं बंद आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी एखाद्या आजीनं खरंच गोळी सोडली तर काय करणार? कुणी असा दावा केला तर तिथंच, सगळ्यांसमोर थांबवा. पाहुणा असला तरी.

जॉइनिंगची फी म्हणून कुणाकडून एक रुपया घेऊ नका, कंपनीलाही ती घेता येत नाही. नुसती माणसं जोडल्याबद्दल पैसे मिळतात असं प्लॅनमध्ये कुठं दिसलं, तर लाँच सोडा, तुम्हीच बाहेर पडा. असल्या साखळी योजनांवर १९७८ पासून बंदी आहे. कमिशन माल विकल्याचं असायला हवं.

त्याच दिवशी पैसे घेऊ नका, आधार-पॅनचे फोटोही काढू नका. "आज जॉइन झालात तरच ऑफर" असं सर म्हणतील. म्हणू देत. बाई घरी जाऊन मालकांशी बोलेल, हिशेब मांडेल, मग येईल. घाईत दिलेले पैसे संघाचे किंवा भिशीचे असतात. हे मी फार महागात शिकले आहे. बोलता बोलता एखादी "संघातून घेते" म्हणाली, तर तिला माल देऊच नका, असं माझं ठाम मत आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण माझ्या दारात यावर वाद घालायला येऊ नका.

परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते तुमच्या करारात आजच बघा, आणि प्रत्येक बिलावर पेननं शेवटची तारीख लिहून द्या. आमच्या वैनींना ती तारीख कुणीच सांगितली नव्हती, मी पण नाही.

बोलायची भाषा तुम्ही ठरवा. आपल्याकडं एका भिंतीपलीकडं कन्नड घर असतं. एखादी कन्नड मैत्रीण आधी समजावून घेऊन तिथं बसवा, ती तिच्या बायकांना सांगेल. सरांना हिंदी पंधरा मिनिटांवर बोलू देऊ नका. तुम्ही स्वतः वापरलेला साबण दाखवा, किती दिवस पुरला, किमतीत इथल्या बाजारातल्यापेक्षा किती फरक पडला ते सांगा. लोक ते ऐकतात.

तारीख ठरवताना तुमच्या भागात पाणी कधी सोडतात ते बघा. पाण्याच्या दिवशी चार वाजता कुणी येत नाही, आणि आली तरी तिचं लक्ष नळाकडं. आषाढात आमच्याकडं मंगाईची यात्रा असते, त्या आठवड्यात वडगाव-शहापूरच्या बायकांना बोलवू नका. आणि १ नोव्हेंबरच्या आसपासही नको, त्या दिवशी इथं कुणाचा राज्योत्सव, कुणाचा काळा दिन, सगळ्यांची डोकी सीमाप्रश्नात असतात.

नाश्त्याला चिवडा आणि चहा पुष्कळ झाला. कुंदा आणू नका. चांगलंचुंगलं खायला घातलं की पाहुण्याला घेतल्याशिवाय उठणं जड जातं, आणि तुम्हाला ते नको आहे. प्रोजेक्टर अजिबात नको. ते भाड्याचे पैसे वाचवा.

आता जाऊबाईंचं. त्यांना बोलवा, पण सगळ्यांच्या आधी, आणि फोनवर नको, घरी जाऊन. कंपनीचं नाव पहिल्याच वाक्यात सांगा. त्या नाही म्हणाल्या तर चहा घेऊन परत या, पुन्हा विषय काढू नका. फोनची यादी करायला लागाल तेव्हा ज्यांच्या ज्यांच्या नावापुढं कंपनीचं नाव सांगायला जीभ अडखळेल, ती नावं खोडून टाका.