भरतीरेषा, रिसॉर्ट आणि पाखाडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गुहागर तालुक्यात समुद्रालगत आमची १८ गुंठे माडांची वाडी आहे. तिच्यात जुनं कौलारू घर आहे, पाण्यापासून पावलांनी मोजलं तर दीडशे मीटरवर. तिथे दुमजली, सहा खोल्यांचं लॉज बांधायचं आहे. ग्रामपंचायत ना हरकत दाखला द्यायला तयार आहे. काम सुरू करावं का?

उत्तर : त्या दाखल्याच्या भरवशावर पाया खणू नका. सीआरझेडमधून, म्हणजे समुद्रकाठच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांतून, सूट देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. केरळात कोचीजवळ मरडू इथे स्थानिक परवान्यांवर उभी राहिलेली चार गृहसंकुलं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं जानेवारी २०२० मध्ये सुरुंग लावून पाडली. फ्लॅट घेणाऱ्यांच्या हातात कागद होते. फक्त राज्याच्या किनारा प्राधिकरणाची मंजुरी नव्हती.

आधी अंतर नक्की करा. ते पाण्यापासून नव्हे, भरतीरेषेपासून मोजतात. म्हणजे उधाणाच्या भरतीचं पाणी जमिनीवर जिथवर चढतं तिथून. वाळूवर पसरणारी मर्यादवेल जिथे सुरू होते त्यावरून डोळ्यांना अंदाज येतो, पण सरकारदरबारी मंजूर नकाशावरचीच रेषा चालते. भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा घ्या आणि चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा व्यवस्थापन केंद्रासारख्या अधिकृत संस्थेकडून तो किनारा व्यवस्थापनाच्या मंजूर आराखड्यावर बसवून घ्या. १:४००० चाच नकाशा मागा. १:२५,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. पेन्सिलीच्या जाड रेघेतच तुमचं घर बुडून जाईल.

२०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात लोकसंख्येची घनता (२०११ ची जनगणना) दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल, तर समुद्राकडचं ना विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामाला बंदी असलेला पट्टा, भरतीरेषेपासून ५० मीटर. नसेल तर २०० मीटर. कोकणातली बहुतेक गावं दुसऱ्या गटात येतात. दीडशे मीटर खरं निघालं, तर नवं लॉज होणार नाही. ना विकास क्षेत्राच्या बाहेरही रिसॉर्टसाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास ४० गुंठे जागा लागते. सर्व मजले मिळून चटईक्षेत्र जागेच्या ०.३३ पट, उंची ९ मीटर, मजले दोनच. १८ गुंठ्यांत हे गणित बसत नाही.

मग काय जमेल? घरगुती निवास. घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग न बदलता पाहुणे ठेवायला स्थानिकांना मुभा आहे. म्हणून न्हाणी आणि संडास आतल्या खोल्यांतूनच काढा. पुढची ओटी विटांनी बंद करून खोली केली की दर्शनी भाग बदलला, आणि तक्रारी नेमक्या तिथेच होतात. घर जुनं आहे हे दाखवायला नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीचा, जुन्यात जुना उतारा काढून ठेवा.

प्रश्न : गावातून किनाऱ्याला जाणारी पाखाडी (पायवाट) नव्या रिसॉर्टच्या कुंपणात गेली. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची, जाळी आता दूरच्या वळशानं न्यावी लागतात. मालक म्हणतो, जागा माझी आहे.

उत्तर : जागा त्याची असेलही, वाट अडवण्याचा हक्क त्याला नाही. रिसॉर्टच्या अटींतच लिहिलं आहे की कुंपणानं लोकांची किनाऱ्यावरची ये-जा अडता कामा नये आणि दोन रिसॉर्टांमध्ये किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा हवी. ही अट आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते, आणि प्रत्यक्षात तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. भरतीरेषेखालची वाळू तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे शासनाचीच.

आता घाई करा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदार वहिवाटीच्या वाटेवरचा अडथळा काढू शकतात. त्यात शेतीइतकाच मासेमारीच्या जागेकडे जाणाऱ्या वाटेचाही समावेश आहे. पण दावा अडथळ्यापासून सहा महिन्यांच्या आत लागतो. बैठका आणि समजुतीत हीच मुदत निघून जाते. पुरावा म्हणून गाव नकाशावर पाखाडी दाखवलेली असेल तर त्याची प्रत, जुने फोटो आणि वापरणाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडा. माहिती अधिकारात रिसॉर्टचा मंजूर नकाशा मागवा. त्यावर वाट मोकळी दाखवून जागेवर भिंत घातली असेल तर तुमचं काम सोपं झालं. दुसरा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा किनारा समितीकडे द्या. तिच्यावर पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. तुमच्या जिल्ह्यात ते कोण, हे लेखी विचारा. हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे जायचं झालं तर तिथलीही मुदत सहा महिन्यांचीच, फार तर वर साठ दिवस.

रिसॉर्टच्या पाण्याचीही चौकशी करा. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत त्यांना भूजल उपसता येत नाही. तिथे बोअर मारली की शेजारच्या विहिरी मचूळ होतात.

प्रश्न : किनाऱ्यावर सरबताची हंगामी टपरी टाकता येईल का?

उत्तर : येईल, पण तात्पुरतीच आणि रीतसर परवानगी घेऊन. भरतीरेषेपासून किमान १० मीटर जमिनीच्या बाजूला ठेवा. बांबू, झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या), सुटे पेव्हर चालतील. काँक्रीटचा ओटा घातलात की ती तात्पुरती राहत नाही.