परित्यक्ता, विभक्त, एकल… की 'नांदत नाही'?

समाजकार्याचं शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "गोवंडी-मानखुर्द भागातल्या, आधाराची गरज असलेल्या कुटुंबांच्या पाहणीसाठी मराठीत प्रश्नावली करते आहे. नवऱ्याने सोडून दिलेल्या बाईसाठी 'परित्यक्ता' लिहू, 'विभक्त' की 'एकल महिला'? 'टाकलेली' लिहायला हात धजत नाही."

हात धजत नाही तेच बरं. 'मला टाकलंय' असं बाई स्वतः म्हणाली तर तिचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या, पण आपल्या तोंडून तो शब्द जाऊ नये.

'विभक्त' मात्र आधी काढून टाका. सरकारी तक्त्यात तो चालतो. २०११च्या जनगणनेत विभक्त आणि घटस्फोटित यांची नोंद वेगवेगळी झाली, आणि विभक्तांची संख्या घटस्फोटितांच्या दुपटीहून जास्त निघाली. म्हणजे कोर्टाचा कागद नसलेल्यांचाच गट मोठा, आणि नेमक्या याच गटासाठी आपल्याकडे धड शब्द नाही. 'विभक्त' म्हटलं की मराठी माणसाला 'विभक्त कुटुंब' आठवतं. मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीत नवऱ्यासोबत राहणारी बाईसुद्धा तुम्हाला बिनदिक्कत सांगेल, "हो, आम्ही विभक्तच, सासू-सासरे गावाला असतात." तुमची अख्खी आकडेवारी तिथेच बिघडली.

'एकल'चा हेतू चांगला आहे. विधवा, घटस्फोटिता, परित्यक्ता, अविवाहित प्रौढा या सगळ्यांना तो एका छत्राखाली आणतो आणि कुणाच्या कपाळावर नवऱ्याचं कृत्य लिहीत नाही. संघटनेच्या नावात, अहवालाच्या मथळ्यात तो शोभतो. पण दारात उभं राहून विचारलात तर ऐकणारीला 'एकटी' ऐकू येतं. तीन पोरं आणि म्हातारी आई सांभाळणारी बाई म्हणते, "एकटी कशी असेन मी?" तिचं बरोबरच आहे.

'परित्यक्ता' म्हणजे सर्व बाजूंनी त्यागलेली. या शब्दाबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. त्याग कुणी केला, तो माणूस शब्दात कुठेच नाही. शिवाय मारहाणीला कंटाळून स्वतः घर सोडलेली बाई यात बसत नाही. तिला कुणी त्यागलेलं नाही, तीच निघून आली आहे. तरीही हा शब्द पुरता टाकू नका, कारण त्याला पैशाचं वजन आहे. १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या पात्रतेत 'परित्यक्ता' आहे, आणि २०२३मध्ये त्या योजनेची रक्कम महिन्याला १,५०० रुपये झाली. आपण त्या शब्दात मोडतो हे माहीत नसेल तर बाई अर्जच करणार नाही. म्हणून मुलाखत संपल्यावर, माहिती देताना, तो शब्द अर्थासकट जरूर सांगा.

मग प्रश्नात काय लिहायचं? माझं ठाम मत आहे की नाम लिहूच नये, क्रियापद लिहावं, आणि ते मराठीत तयार आहे: नांदणं.

याचं नातं संस्कृत 'नन्द्' धातूशी, म्हणजे आनंदाशी. संतांचा विठ्ठलसुद्धा पंढरीत नांदतो. नांदणं म्हणजे नुसतं राहणं नव्हे, त्या घरात मानाने आणि हक्काने असणं. गिरणगावचंच बघा. कोकणातून आलेला गिरणी कामगार इथे खोलीत दाटीवाटीने राहायचा, खाणावळीत जेवायचा आणि त्याची बायको गावी सासू-सासऱ्यांपाशी. भेट गणपती-शिमग्याला. तरी ती नांदत नाही असं कुणी म्हटलं नाही, ती नांदतीच होती. उलट एकाच छपराखाली राहूनही नवरा नांदवत नाही अशा बायका मुंबईत आजही आहेत. 'नवऱ्यासोबत राहता का?' हा प्रश्न या दोघींच्या बाबतीत चुकीचं उत्तर आणतो.

लालबागच्या आमच्या चाळीत डबे करून देणारी एक मावशी होती. मी नववीत असताना तिचा एक फॉर्म भरायला बसले. विवाहित, विधवा, घटस्फोटित असे तीन चौकोन. मी विचारलं तर म्हणाली, "नांदत नाय, असं लिही." मी समासात तसंच लिहिलं. खिडकीवरच्या माणसाने ते खोडून 'विवाहित'वर खूण केली आणि नवऱ्याची सही आणायला सांगितली. त्या नवऱ्याला तिने अकरा वर्षं पाहिलं नव्हतं. मावशी फॉर्म घडी करून परत घेऊन आली. तिला तिची स्थिती अचूक माहीत होती, शब्दही अचूक होता. चौकोन तेवढा नव्हता.

एक सांभाळा. "ती नांदली नाही" हे मराठीत टोमणा म्हणूनही मारतात, दोष बाईवर टाकून. म्हणून "का नांदत नाही?" असं विचारू नका. साधं विचारा: "लग्न झालंय का? सध्या सासरी नांदता का? नवरा घरखर्चाला, मुलांना पैसे देतो का? शेवटचे कधी दिले?" 'मी नांदले नाही' आणि 'मला नांदवलं नाही' यांतला फरक उत्तरातून आपोआप बाहेर येईल. तो लिहून घ्या, वर्गीकरण नंतर टेबलावर बसून करा. घरात हिंदी-उर्दू बोलत असतील तर मात्र हा शब्द चालणार नाही, तिथला शब्द तिथल्याच बाईला विचारून ठरवा.

अहवालात 'परित्यक्ता' येईलच, तेव्हा लेखनही सांगते. 'परितक्त्या' असं पुष्कळ अर्जांवर दिसतं, ते चूक. मूळ 'त्यज्', त्याचं 'त्यक्त', म्हणून 'त्य' आधी आणि 'क्त' नंतर. अनेकवचनही 'परित्यक्ता'च, शाळा-भाषा यांसारखं. एकीला 'परित्यक्तेला', अनेकींना 'परित्यक्तांना'.