कपाशीच्या पानातून डीएनए काढताना

परभणीत कपाशीची पानं मिळायला वेळ लागत नाही, पण जून पानं आणू नकोस. शेंड्याची कोवळी पानं घे. उन्हाळ्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून शेतातूनच बर्फात घालून आण.

कपाशीत पॉलिफेनॉल, म्हणजे पानातली तुरट रसायनं, भरपूर. पान वाटलं की ते हवेनं तपकिरी होतात आणि डीएनएला चिकटतात. मग पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढायची क्रिया, चालत नाही. म्हणून सीटॅब बफरमध्ये (पेशी फोडून डीएनए मोकळा करणारं द्रावण) पॉलिफेनॉलना धरून ठेवणारं पीव्हीपी हवंच. पान तपकिरी होणं रोखणारं बीटा-मरकॅप्टोइथेनॉल मात्र आयत्या वेळी घाल, तेही फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात. ते विषारी आहे, नुसती घाण वासाची गोष्ट नाही.

वाटलेलं पान बफरमध्ये घालून ६५ अंशांवर ठेवलेली नळी बाहेर काढली की लगेच, प्रथिनं वेगळी करणारं क्लोरोफॉर्म ओतू नकोस बाळा. ते ६१ अंशांलाच उकळतं, झाकण उडून तोंडावर येईल. आधी नळी पूर्ण गार होऊ दे. हे मी प्रत्येक नव्या मुलाला हात धरून सांगते.

शेवटी डीएनएची शुद्धता तपासताना २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर (२६०/२८०) १.८ च्या आसपास, म्हणजे चांगलं, आलं तरी २६०/२३० बघच. ते २ च्या बरंच खाली असेल तर साखरेसारखे पदार्थ किंवा फेनॉल उरलेत. अशा वेळी पीसीआरला डीएनए दहापट पातळ करून लाव, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं.