शत्रूला जाऊन मिळालेल्या गुलामांची भरपाई मालकांना मिळाली होती का?

हो, मिळाली, आणि तीही चक्क शत्रूकडून! उदाहरण अमेरिका-ब्रिटन यांच्यातल्या 1812 च्या युद्धाचं.

एप्रिल 1814 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या अ‍ॅडमिरल कॉक्रेनने जाहीरनामा काढला: अमेरिका सोडून आमच्याकडे या, सैन्यात भरती व्हा, नाहीतर ब्रिटिश वसाहतीत मोकळे नागरिक म्हणून राहा. ‘गुलाम’ हा शब्द त्याने शिताफीने टाळला होता, पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. मेरीलँड-व्हर्जिनियातून माणसं रातोरात होड्या घेऊन, बायकापोरांसह ब्रिटिश जहाजांवर पोहोचली. काही जण ‘कलोनियल मरीन्स’ या पळून आलेल्या गुलामांच्या ब्रिटिश तुकडीत शिरले आणि जुन्या मालकांच्याच मुलखावर चालून गेले.

पुढे युद्ध संपवणारा घेंटचा तह झाला. ब्रिटिशांनी परत जाताना गुलाम व खासगी मालमत्ता नेऊ नये, असं त्यात कलम होतं. ब्रिटन म्हणे, आमच्या जहाजांवर आधीच आलेल्यांना हे लागू नाही. वाद मिटेना, म्हणून लवाद नेमला तो रशियाचा झार पहिला अलेक्झांडर, म्हणजे स्वतःच्याच देशात लाखो भूदास (जमीनदाराच्या जमिनीला बांधलेले शेतकरी) असलेला गृहस्थ! त्याने 1822 मध्ये अमेरिकेच्या बाजूने कौल दिला. अखेर 1826 च्या करारानुसार ब्रिटनने 12,04,960 डॉलर मोजले.

दावे तपासणाऱ्या आयोगाने तर माणसांचे सरासरी दरच ठरवले होते: लुईझियानात 580 डॉलर, जॉर्जियात 390, व्हर्जिनियात 280. पैसे अर्थातच मालकांच्या खिशात गेले.

निसटलेल्यांना मात्र कुणी परत पाठवलं नाही. बरेच जण आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात गेले, तर मरीन्सपैकी अनेकांना त्रिनिदादमध्ये जमिनी मिळाल्या.