हप्त्याचा मेसेज आणि ओला टॉवेल

प्रश्न : मावशी, लग्नाला १२ वर्षं झाली. नवरा पीथमपूरला कारखान्यात आहे, मी घरीच शिकवण्या घेते. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज दिसला. दर महिन्याला १२ हजारांचा हप्ता जातोय, धाकट्या दिराच्या प्लॉटसाठी. मला एका शब्दाने सांगितलेलं नाही. भांडण नको म्हणून मी गप्प बसले. पण आता पलंगावर ओला टॉवेल दिसला तरी माझा तोल जातो. तो विचारतो, ‘तुला हल्ली झालंय तरी काय?’ मी म्हणते, ‘काही नाही.’ आता विषय काढला तर तो मलाच म्हणेल, इतके दिवस का नाही बोललीस?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : म्हणेलच. आणि त्यात त्याचं फारसं चुकणार नाही. म्हणून सुरुवात तिथूनच कर : ‘मला आठ महिन्यांपासून ठाऊक आहे. बोलले नाही, हे माझं चुकलं.’ त्याने हप्ता लपवला, तू राग लपवलास.

आमच्या ह्यांना एकदा पुण्याला बदली मिळत होती. ह्यांनी परस्पर नकार कळवला. मला कळलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवात, ऑफिसातल्या एकाच्या बायकोकडून, तिळगूळ हातात असताना! वर्षभर मी त्यावर अवाक्षर काढलं नाही. आमटीचं मीठ तेवढं बिघडायचं आणि माहेरच्या फेऱ्या वाढल्या. शेवटी बोलले, तेव्हा हे म्हणाले, ‘तू रामबाग सोडून येणार नाहीस, असं मी धरूनच चाललो.’ खरं सांगू? मी गेलेच नसते. पण मला विचारलं नाही, हे खुपत होतं, आणि नेमकं तेवढंच मी सांगितलं नव्हतं.

तूही बघ, जास्त काय खुपतंय, १२ हजार की न विचारणं? आधी न विचारण्याचं बोल. पैशापासून सुरू केलंस तर तो भावाची बाजू घेईल, तू सासरचा सगळा हिशेब काढशील, आणि मूळ गोष्ट राहील बाजूला. (भावाला मदत करणं हा गुन्हा नव्हे. इंदूरात सध्या ज्याला त्याला सुपर कॉरिडॉरकडे प्लॉट हवाय.)

पहिली दोन वाक्यं मनात घोळवून ठेव. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी १२४ नवविवाहित जोडप्यांना मतभेदाच्या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला लावलं आणि सहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. पुढे ज्यांचे घटस्फोट झाले, त्यांचा सूर पहिल्या तीन मिनिटांतच जास्त कडवट होता. १९९९ सालचा हा अभ्यास. म्हणजे ‘तू नेहमीच असा’ने दार उघडू नकोस. ‘तो मेसेज वाचला आणि मला घरात परकं वाटलं’, एवढं पुरे.

तो पीथमपूरहून दमून आला की लगेच नको, आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत तर नकोच. तिथे भुट्ट्याच्या किसाच्या रांगेत स्वतःचंच ऐकू येत नाही. रविवारी पोहे-जिलेबी झाली की चालायला घेऊन जा. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, अवघड बोलणं त्यामुळे सोपं जातं. आवाज चढलाच तर वीस-पंचवीस मिनिटं थांबा, पण ‘घरी गेल्यावर पुढचं बोलू’ असं सांगून थांबा आणि खरंच बोला.

टॉवेलचा विषय मात्र त्या दिवशी काढू नकोस. तो आमच्याकडे ३४ वर्षं चालू आहे.