भारत फातोर्ड्यात सिंगापूरकडून हरला, तो राग अजून जात नाही. तुम्ही काय केलंत?

तुम्ही लिहिलंय की 14 ऑक्टोबर 2025 ला आपण सिंगापूरकडून 1-2 हरलो त्या रात्रीपासून तुम्ही फुटबॉलचा एकही सामना बघितलेला नाही आणि घरचे म्हणतात, "एवढं काय लावून घ्यायचं, क्रिकेट बघ की." मी त्या रात्री गोव्यात, मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्येच होतो, फोंड्याहून मित्रांबरोबर गेलो होतो. तुमचा राग मला शंभर टक्के पटतो. तो लवकर निवळावा असंही मला वाटत नाही.

आपण हरण्याला सरावलेले लोक आहोत. 2024 च्या जानेवारीत आशियाई चषकात तिन्ही सामने हरलो, तिन्हींत मिळून एक गोल झाला नाही, तेव्हाही वाईट वाटलं. पण समोर ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान असे संघ होते, त्यामुळे ते गिळता आलं. सिंगापूरचं तसं नाही. जागतिक क्रमवारीत आपण 134 वे, ते 158 वे. 2027 च्या आशियाई चषकाच्या या पात्रता गटात हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश आणि आपण. सोडतीत पहिल्या मानाचे आपण. गटातून एकच संघ पुढे जाणार होता, आणि तो आपण असू असं मानणं म्हणजे काही भाबडेपणा नव्हता.

त्यात खालिद जमील प्रशिक्षक झालेले. हा माणूस अनेक वर्षं मुंबई एफसीला सांभाळत होता, मग त्याने ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला 2016-17 ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली वरची लीग, जिंकून दिली. ऑगस्टच्या अखेरीस त्यांच्या हाताखाली आपण ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी हरवलं, मग सप्टेंबरमध्ये पेनल्टींवर ओमानला हरवून काफा नेशन्स कप या मध्य आशियातल्या स्पर्धेत तिसरे आलो. सिंगापूरला जाऊन आदल्याच आठवड्यात दहा जणांनिशी 1-1 बरोबरी केली होती. दुसऱ्या अर्धाच्या सुरुवातीलाच आपला बचावपटू झिंगन याला लाल कार्ड मिळालेलं, तरी रहीम अलीने 90 व्या मिनिटाला गोल केला. हे सगळं डोळ्यांसमोर असताना मडगावला येणारा माणूस आशा घेऊनच येणार.

आणि 14 व्या मिनिटाला आपल्या छांगटेने तो गोल मारला. असा गोल आपल्या संघाकडून फार क्वचित बघायला मिळतो. स्टँडमध्ये ओळख ना पाळख, लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. अर्धा तास आपण पुढे होतो. मध्यंतराला जेमतेम मिनिटभर उरलेलं असताना, 44 व्या मिनिटाला, सिंगापूरच्या साँग उई-यंगने बरोबरी साधली. माझ्या मते सामना तिथेच गेला. 58 व्या मिनिटाचा त्यांचा दुसरा गोल नंतरचा. मध्यंतराआधीची ती शेवटची पाच मिनिटं चेंडू नुसता सांभाळायचा असतो; गरज पडली तर बाहेर मारायचा, वेळ काढायचा. झिंगन निलंबित होता, बचावफळीत ओरडून माणसं जागेवर आणणारा कोणी दिसत नव्हता. मध्यंतरानंतर साँगनेच दुसरा गोल केला. त्यापुढे अर्ध्या तासाहून जास्त वेळ होता आणि आपण बॉक्समध्ये चेंडू टाकत राहिलो, पण कुणाला उद्देशून टाकतोय ते खेळणाऱ्यांनाही कळत नसावं.

गणित तुम्ही विचारलं नाहीये, तरी सांगतो, कारण अनेक जण अजून "ढाक्याला जिंकलो असतो तर" म्हणतात. चार सामन्यांनंतर आपले दोन गुण, सिंगापूरचे आठ, हाँगकाँगचे आठ. उरलेले दोन्ही जिंकलो असतो तरी आपले आठच होत होते, आणि त्या दोघांचा आपसातला सामना बाकी होता. तो कसाही संपला असता तरी दोघांपैकी कुणीतरी नऊच्या वर किंवा नऊवर जाणारच. म्हणजे त्या रात्री फातोर्ड्यात सगळं संपलं. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडून 0-1 हरलो, तेही 2003 नंतर पहिल्यांदाच, पण तोवर दार बंद झालेलं होतं.

आता रागाविषयी. सामना संपल्यावर माझ्या मागच्या रांगेतले काही जण खेळाडूंना आईबहिणीवरून शिव्या देत होते. मला ते अजिबात सहन झालं नाही, आणि तुम्हीही तो मार्ग धरू नये असं मी कळकळीने सांगेन. त्या मुलांची त्या मोसमातली लीग सुरूच झाली नव्हती. फुटबॉल महासंघ आणि आयएसएल (इंडियन सुपर लीग) चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपत होता, नवा होईना, म्हणून जुलैत आयएसएल अनिश्चित काळासाठी थांबवली गेली. काही क्लबांनी पगार रोखले, काहींनी सराव बंद ठेवला. एप्रिल-मेपासून नियमित स्पर्धेत न खेळलेला खेळाडू 44 व्या मिनिटाला दमतो, एक पाऊल मागे राहतो. चुका खेळाडूंच्याच झाल्या, ते मी नाकारत नाही. पण त्या चुकांना जमीन तयार करून देणारे लोक त्या रात्री मैदानावर नव्हते.

आणि हे गोव्यात घडलं म्हणून मला जास्त टोचलं. आय-लीगच्या पहिल्या सहाही मोसमांत, 2007-08 पासून 2012-13 पर्यंत, विजेता गोव्याचाच होता: धेंपो, चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. याच फातोर्ड्यात त्या वेळी दुपारच्या सामन्यांना माणसं कामावरून लवकर सुटून यायची. त्या क्लबांचं पुढे काय झालं ते इथे प्रत्येक घरात माहीत आहे. दरवेळी वरून काहीतरी नवीन येतं, खालचं मोडतं, आणि दहा वर्षांनी राष्ट्रीय संघ सिंगापूरकडून हरला की सगळे प्रशिक्षक बदला म्हणतात. तुम्हाला चिडायचं असेल तर यावर चिडा, आणि चिडलेलेच राहा.

मी काय केलं, तर त्याच महिन्याच्या अखेरीस क्लबांच्या सुपर कपचे सामने गोव्यात होते, तिथे गेलो. बरं वाटावं म्हणून नाही गेलो. आपण रिकामी खुर्ची दाखवली की कुणालाही काहीच फरक पडत नाही, उलट "बघा, लोकांनाच रस नाही" म्हणायला त्यांना आयतं कारण मिळतं. तुमच्या गावात जिल्हा लीग चालत असेल तर तिथून सुरुवात करा. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघितलेत तर मी काय म्हणतोय ते पहिल्या दहा मिनिटांत कळेल.

शिवाय महिला संघ बघा. 5 जुलै 2025 ला चियांग माईत, थायलंडच्या घरच्या मैदानावर, क्रमवारीत 70 वा असलेला आपला संघ 46 व्या थायलंडला 2-1 ने हरवून आशियाई चषकात गेला. पात्रता फेरी खेळून तिथे पोचण्याची ही पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. जी रात्र आपण फातोर्ड्यात काढली ती त्या दिवशी थायलंडच्या प्रेक्षकांनी काढली असणार. मार्च 2026 मध्ये ऑस्ट्रेलियात आपल्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई (तैवान) होते. जपान अवघड होता, पण उरलेल्या दोन सामन्यांत आपल्याला संधी होती. या संघाचे पुढचे सामने मी बघणार आहे. तुम्हीही बघा.